स्वस्त इअरफोन कसा पारखावा?



नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरून एक चक्कर मारली, तर मोबाईलच्या दुकानांबाहेर इअरफोनचे झुबकेच्या झुबके टांगलेले दिसतात. कुठला शंभर रुपयांचा, कुठला अडीचशेचा, कुठला पाचशेचा. प्रत्येक डबीवर काही ना काही मोठा दावा छापलेला असतो. एकीवर ‘एक्स्ट्रा बास’, दुसरीवर ‘सुपर साउंड’, तिसरीवर कसले तरी आकडे. वर्गात ध्वनीचे प्रकरण सुरू झाले, की “सर, यांतला कोणता घ्यावा?” असा प्रश्न हटकून येतो.

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर एखाद्या कंपनीचे नाव सांगून देता येत नाही. एकाच दुकानातून, एकाच बनावटीचे दोन इअरफोन दोन मित्रांनी घेतले, तर एक म्हणतो, “काय सुंदर घुमतो!” दुसरा म्हणतो, “पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.” गंमत अशी, की दोघेही खरे बोलत असतात. वस्तू एकच, मग आवाज दोन का? याचे कारण असे, की कानात घालायचा इअरफोन हे अर्धेच वाद्य आहे. उरलेले अर्धे वाद्य म्हणजे तुमचा कान. ही दोन अर्धी एकमेकांना कशी जुळतात, यावर आवाज ठरतो. हे जुळणे पारखायला महागडी उपकरणे लागत नाहीत. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम आणि थोडी चौकस बुद्धी एवढे भांडवल पुरते.

इअरफोनच्या पोटात

इअरफोनच्या लहानशा डबीत तीन महत्त्वाचे भाग असतात. एक चुंबक, केसासारख्या बारीक तारेचे एक वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा. मोबाईलमधून येणारा विद्युत्‌प्रवाह वेटोळ्यातून वाहतो. प्रवाहाची दिशा व प्रमाण सतत बदलत असते. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या, प्रवाह वाहणाऱ्या तारेवर बल कार्य करते, हे तुम्ही शिकला आहात. त्या बलामुळे वेटोळे मागेपुढे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि पडद्यासमोरच्या हवेचा दाब कमीजास्त होतो. हाच ध्वनी. लग्नाच्या मांडवातील भल्यामोठ्या ध्वनिक्षेपकाचेही तत्त्व हेच आहे.

पूर्वी एवढ्या लहान जागेत पुरेसे जोरदार चुंबक बसवणे अवघड होते. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमध्ये व अमेरिकेत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून अतिशय शक्तिमान चुंबक तयार करण्यात आले. पुढे ते स्वस्त झाले. त्यामुळे आज दोनशे रुपयांच्या इअरफोनमध्येही बऱ्यापैकी चुंबक आणि बऱ्यापैकी पडदा असू शकतो. स्वस्त म्हणजे टाकाऊच, असे समजण्याचे कारण उरलेले नाही. मात्र महाग म्हणजे चांगलाच, असेही म्हणता येत नाही. ते का, हे आता पाहू.

कानातील बंद खोली

बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या पाळीपासून आत एक वाकडी नळी जाते. तिला कर्णनलिका म्हणतात. तिची लांबी सुमारे २.५ सेंटिमीटर आणि व्यास सुमारे ७ मिलिमीटर असतो. तिच्या आतल्या टोकाला कानाचा पडदा असतो. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनच्या तोंडावर सिलिकॉनची मऊ टोपी असते. दुकानदार तिला नुसते ‘रबर’ म्हणतात. ही टोपी नलिकेच्या तोंडाशी घट्ट बसली, की टोपी आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये थोडी हवा कोंडली जाते. ही जणू एक इवलीशी बंद खोली.

आता एक गणित करू. समजा, इअरफोनच्या पडद्याचा व्यास १० मिलिमीटर आहे. म्हणजे त्रिज्या ५ मिलिमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मिलिमीटर. हा पडदा फक्त एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पुढे सरकला असे माना. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून हे अंतर किती कमी आहे ते ध्यानात येईल. एवढ्याने ०.०७८५ घन मिलिमीटर हवा ढकलली जाईल. नलिका, इअरफोनची आतली पोकळी आणि कानाच्या पडद्याचा लवचीकपणा हे सारे धरून कोंडलेल्या हवेचे आकारमान २ घन सेंटिमीटर, म्हणजे २००० घन मिलिमीटर आहे असे समजू. म्हणजे हवा सुमारे पंचवीस हजारांश इतकी दाबली गेली. बॉइलच्या नियमानुसार दाबही तेवढ्याच प्रमाणात वाढेल. वातावरणाचा दाब सुमारे १,००,००० पास्कल असतो. त्याचा पंचवीस हजारावा भाग म्हणजे ४ पास्कल.

चार पास्कल म्हणजे कितीसे, असे तुम्हांला वाटेल. पण साध्या बोलण्याच्या आवाजात दाबातील चढउतार सुमारे ०.०२ पास्कल एवढाच असतो. म्हणजे एका मायक्रॉनच्या हालचालीने बोलण्याच्या दोनशेपट दाब निर्माण झाला! डेसिबलच्या भाषेत हा आवाज शंभराच्या पुढे जातो. उलट, तोच पडदा मोकळ्या हवेत तेवढाच हलवला, तर ढकललेली हवा चहूकडे पसरून जाईल आणि दर सेकंदाला पन्नास कंपनांचा खर्जातला स्वर हातभर अंतरावरूनही ऐकू येणार नाही. इअरफोन कानातून काढून टेबलावर ठेवला, की गाण्यातला डग्गा नाहीसा होऊन नुसती चिरचिर का उरते, ते आता समजले ना?

थोडक्यात, खर्जाचे स्वर इअरफोन एकटा काढत नाही. ते त्या बंद खोलीत तयार होतात. खोलीचे दार नीट लागले नाही, तर कितीही किमती इअरफोन असला तरी त्याचा इलाज चालत नाही.

फट पडली की खर्ज पळतो

टोपी सैल बसली आणि कडेला बारीकशी फट राहिली, तर सगळाच आवाज सारखा कमी होतो का? नाही. फक्त खालचे, म्हणजे खर्जाचे स्वर पळून जातात. वरचे स्वर जवळजवळ तसेच राहतात. असे का व्हावे?

सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर अंगठा सैलसर ठेवा आणि दांडा सावकाश दाबा. हवा फटीतून हळूच निघून जाते, दाब फारसा वाढत नाही. आता दांडा एकदम झटक्याने दाबा. अंगठ्याला जोराचा रेटा जाणवतो, कारण तेवढ्या थोड्या वेळात हवेला फटीतून निसटायला सवड मिळत नाही. कानातही हेच घडते. डग्ग्याचा घुमारा दर सेकंदाला शंभरच्या आसपास कंपनांचा असतो. म्हणजे पडदा पुढे जाऊन मागे वळायला सेकंदाचा दोनशेवा भाग मिळतो. फटीतून हवा निसटायला तो वेळ पुरेसा आहे. टाळांची किणकिण दर सेकंदाला कित्येक हजार कंपनांची असते. पाच हजार कंपने धरली, तर पडदा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात वळतो. एवढ्यात फटीतली हवा हलायला लागते न लागते, तोच दाबाची दिशा बदलते.

म्हणून सैल बसलेल्या इअरफोनमधून टाळ ऐकू येतात, पण पखवाज हरवतो. ‘पत्र्यासारखा आवाज’ म्हणणाऱ्या त्या मित्राची तक्रार बहुधा हीच असते. त्याच्या इअरफोनमध्ये दोष नाही. टोपीचा आकार त्याच्या कानाला बेताचा नाही, इतकेच.

पसरट तोंडाचे, टोपी नसलेले, नुसते कानाच्या खळग्यात अडकवायचे इअरफोनही मिळतात. ते नलिका बंद करतच नाहीत. त्यांचा खर्ज मुळातच बेताचा असतो, आणि कान बदलला की तोही बदलतो. पण बाहेरचे आवाज ऐकू येत राहतात, हा त्यांचा गुणही आहे.

घरच्या घरी दोन प्रयोग

प्रयोग १ : इअरफोन कानात घाला, पण गाणे लावू नका. तोंड मिटून ‘म्‌ऽऽऽ’ असे सावकाश गुणगुणा. टोपी नीट बसली असेल, तर तुमचाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा, भारदस्त वाटेल. आता एका कानातील इअरफोन किंचित सैल करा. त्या बाजूचा घुमारा एकदम ओसरेल. तुमच्या गळ्यातील कंपने हाडांतून नलिकेच्या भिंतींपर्यंत पोचतात. नलिका उघडी असते तेव्हा त्यांतील खालचे स्वर बाहेर निघून जातात. बंद असते तेव्हा ते आत कोंडतात. म्हणजे गुणगुणणे ही ‘दार’ लागले की नाही हे तपासण्याची फुकटची कसोटी झाली. दोन्ही कानांत घुमारा सारखा आला, की समजा, बैठक जमली.

प्रयोग २ : तबला किंवा ढोल असलेले एखादे गाणे हळू आवाजात लावा. दोन्ही इअरफोन बोटांनी अगदी हलके आत दाबून धरा आणि मग सोडा. दाबल्यावर खर्ज वाढला आणि सोडल्यावर कमी झाला, तर टोपी लहान पडते आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती बरोबर बसली आहे. आता गाणे चालू असताना जबडा उघडा, मिटा, डावीउजवीकडे हलवा. जबड्याबरोबर कर्णनलिकेचा आकार थोडा बदलतो. बोलताना किंवा चिवडा खाताना खर्ज येत-जात असेल, तर टोपी बदलायला हवी.

टोपीची निवड

डबीत बहुधा लहान, मध्यम व मोठी अशा तीन मापांच्या टोप्यांच्या जोड्या मिळतात. पुष्कळ जण कारखान्यातून बसवून आलेली मध्यम टोपी तशीच ठेवतात आणि बाकीच्या हरवून टाकतात. असे करू नका. तिन्ही मापे आळीपाळीने घालून वरचे दोन्ही प्रयोग करा. आपले दोन्ही कान हुबेहूब सारखे नसतात. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी टोपी लागली, तर त्यात नवल नाही. खुशाल वेगवेगळ्या घाला.

मोठी टोपी म्हणजे अधिक घट्ट, हा समज मात्र चुकीचा आहे. फाजील मोठी टोपी नलिकेत शिरताना दुमडते, तिला चुणी पडते आणि त्या चुणीतूनच हवा निसटते. शिवाय अर्ध्या तासात कान दुखू लागतो. जी टोपी विसरून जाता येते आणि तरीही गुणगुणण्याच्या कसोटीला उतरते, ती तुमची.

घालण्याचीही एक पद्धत आहे. कर्णनलिका सरळ नसते, तिला वळण असते. उजव्या कानात इअरफोन घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळी वरच्या बाजूने धरा आणि हलकेच वर व मागे ओढा. नलिका थोडी सरळ होते. मग इअरफोन जरासा फिरवत आत बसवा आणि पाळी सोडा. जोर लावून खोल खुपसू नका. स्पंजाच्या टोप्याही मिळतात. त्या बोटांनी चिमटून घालायच्या असतात. कानात गेल्यावर त्या फुगून नलिकेचा आकार घेतात. त्या छान बसतात, पण घाम व मळ शोषून घेतात. आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात धुता येणारी सिलिकॉनची टोपीच सोयीची.

बिनतारी इअरफोनलाही हेच सारे लागू आहे. त्यात बॅटरीचे वजन कानावरच असल्याने सैल टोपी आणखी लवकर निसटते.

नळीचा स्वतःचा स्वर

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, की एक ठरावीक स्वर निघतो. पोकळीतली हवा विशिष्ट वारंवारतेला जोराने कंप पावते. याला अनुस्पंदन म्हणतात. कर्णनलिका हीसुद्धा एका टोकाला बंद असलेली नळी आहे. अशा नळीत तिच्या लांबीच्या चौपट तरंगलांबीच्या ध्वनीचे अनुस्पंदन होते. २.५ सेंटिमीटरची चौपट म्हणजे १० सेंटिमीटर. बाहेर मे महिन्यातले ४५ अंश असोत की डिसेंबरातला गारठा, नलिकेतील हवा जवळजवळ शरीराच्या तापमानाची असते. तेथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर धरू. ३५० ला ०.१० ने भागले, की ३५०० हर्ट्‌झ हे उत्तर येते. नळी वाकडी आणि पडदा लवचीक असल्याने प्रत्यक्षात हे अनुस्पंदन ३००० हर्ट्‌झच्या आसपास आढळते. निसर्गाने दिलेले हे वर्धन आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की ते नसले तर आवाज मिणमिणीत वाटतो.

इअरफोन घातला, की नळी दोन्ही टोकांना बंद होते आणि हे नैसर्गिक वर्धन जाते. ते भरून काढण्यासाठी चांगला इअरफोन बनवणारा तंत्रज्ञ मुद्दामच ३००० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर उंचावून ठेवतो. वाईट इअरफोनमध्ये हा विचार केलेला नसतो. नुसता खर्ज वाढवलेला असतो आणि गायकाचा आवाज गोधडीतून आल्यासारखा लागतो.

त्याच वेळी दुसरे एक अनुस्पंदन सुरू होते. दोन्ही टोकांना बंद असलेल्या नळीत लांबीच्या दुप्पट तरंगलांबीचा स्वर घुमतो. टोपीपासून पडद्यापर्यंत २ सेंटिमीटर उरले असतील, तर तरंगलांबी ४ सेंटिमीटर आणि वारंवारता ८७५० हर्ट्‌झ. इअरफोन दोनच मिलिमीटर बाहेर सरकला, तर हीच वारंवारता सुमारे ७९५० होते. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांतील सुस्कारा याच पट्ट्यात येतो. म्हणून तोच इअरफोन एकाच्या कानात ‘स’ टोचल्यासारखा काढतो आणि दुसऱ्याच्या कानात तसे होत नाही. ‘स’ टोचत असेल, तर नवा इअरफोन घेण्यापूर्वी आहे तो किंचित आत किंवा बाहेर बसवून पहा.

डबीवरचे आकडे

‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा मजकूर जवळजवळ प्रत्येक डबीवर असतो. निरोगी, तरुण माणसाच्या कानाची मर्यादा साधारण हीच आहे. पण या आकड्यावरून काहीच कळत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने “मी सगळ्या विषयांचे पेपर दिले” एवढेच सांगावे आणि गुण सांगू नयेत, तसे हे आहे. कोणता स्वर किती जोराने वाजतो, हे महत्त्वाचे आणि नेमके तेच डबीवर नसते.

‘१६ ओहम’ किंवा ‘३२ ओहम’ हा विद्युत्‌रोध. मोबाईलला दोन्ही चालतात. ‘१०० डेसिबल, १ मिलिवॉट’ ही संवेदनशीलता. म्हणजे एक मिलिवॉट शक्ती दिली, की १०० डेसिबल आवाज. दर १० डेसिबल खाली उतरताना शक्ती दहापट कमी लागते. म्हणून ७० डेसिबलसाठी, म्हणजे निवांत ऐकण्यासाठी, एक मायक्रोवॉट पुरतो. घरातल्या ९ वॉटच्या एलईडी दिव्याच्या शक्तीचा तो नव्वद लाखावा भाग! तेव्हा ‘जादा पॉवर’ असे कुणी सांगू लागला, तर त्याला हसून नमस्कार करावा.

‘१४ मिलिमीटरचा पडदा’ असाही दावा असतो. मोठा पडदा अधिक हवा ढकलतो हे खरे, पण बंद नलिकेत एका मायक्रॉनचे काय होते ते आपण पाहिलेच. फट असली, तर मोठा पडदाही हरतो.

निःपक्षपाती तुलना

आता चार-पाच मित्रांनी मिळून, प्रत्येकाने घरचा इअरफोन आणून, तुलना करायची आहे. येथे आपल्या मनाचे दोन खेळ सांभाळावे लागतात.

पहिला खेळ असा : थोडा मोठा वाजणारा इअरफोन आपल्याला ‘अधिक चांगला’ वाटतो. फरक एक-दोन डेसिबलचा असला, तर आवाज मोठा आहे हे ध्यानातही येत नाही. फक्त तो ‘सरस’ वाटतो. म्हणून आधी आवाज सारखा करा. मोबाईलवर १००० हर्ट्‌झचा एकसारखा स्वर लावा आणि प्रत्येक इअरफोनमध्ये तो सारखाच मोठा वाटेल अशी पातळी ठरवून वहीत लिहून ठेवा.

दुसरा खेळ किमतीचा. महाग वस्तू चांगली असणारच, असे मनाने आधीच ठरवलेले असते. म्हणून नावांवर कागदी पट्टी चिकटवून ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी अक्षरे लिहा. कोणता किती रुपयांचा, हे ऐकणाऱ्याला माहीत नसावे. डोळे मिटून ऐकावे.

मग तीन ध्वनिमुद्रणे निवडा : एक बातम्यांचे, म्हणजे मनुष्याच्या आवाजासाठी, एक तबला किंवा पखवाज असलेले, खर्जासाठी, आणि एक टाळ-झांजांचे, वरच्या स्वरांसाठी. प्रत्येकाचे वीस-वीस सेकंदांचे तेच तुकडे पुनःपुन्हा ऐका, कारण आवाजाची बारीक आठवण फार वेळ टिकत नाही. दर वेळी आधी गुणगुणण्याची कसोटी घ्या. ती उतरल्याशिवाय गुण देऊ नका. स्पष्टता, खर्ज, ‘स’चा टोचरेपणा आणि कानाला होणारा त्रास यांना दहापैकी गुण द्या. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून पुन्हा करा. दोन्ही दिवसांचे निकाल जुळले, तरच ते खरे माना.

एक पथ्य मात्र पाळाच. इअरफोन दुसऱ्याच्या कानात जाण्यापूर्वी टोपी काढून साबणाच्या पाण्याने धुवून कोरडी करा, किंवा प्रत्येकाने आपापली टोपी वापरावी. कान दुखत वा वाहत असेल, त्याने या प्रयोगात भाग घेऊ नये.

बैठक आणि कानाचे आयुष्य

येथवर गोष्ट आवडीनिवडीची होती. आता खऱ्या महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि अतिरेक झाला तर मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. चष्मा लावून दृष्टीची उणीव पुष्कळशी भरून निघते, तशी ही भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली सुरक्षित ऐकण्याचे एक मानक जाहीर केले. त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास ही मर्यादा आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबलने ४० तास अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला, की ध्वनिऊर्जा दुप्पट होते; म्हणून वेळ निम्मा करायचा. तुमच्यासाठी हिशेब असा : ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच, ९० ला सव्वा तास. असेच पुढे गेले, तर ९९ डेसिबलला सबंध आठवड्यात जेमतेम नऊ मिनिटे! कित्येक मोबाईल-इअरफोनच्या जोड्या पूर्ण आवाजात यापुढेही जातात.

आता टोपीचा संबंध पहा. समजा, तुम्ही वर्दळीच्या चौकात बसची वाट पाहत उभे आहात आणि भोवतालचा गोंगाट ७८ डेसिबल आहे. इअरफोन सैल असेल, तर तो गोंगाट बहुतेक सगळा आत शिरतो आणि गाणे त्याच्या वर नेण्यासाठी तुम्ही आवाज ८५ पर्यंत चढवता. टोपी नीट बसली, तर बाहेरचा आवाज २० डेसिबलच्या आसपास अडतो. आत गोंगाट उरतो ५८. मग ७० डेसिबलचे गाणेही स्वच्छ ऐकू येते. ८५ आणि ७० यांत फरक १५ डेसिबलचा, म्हणजे पाच वेळा दुप्पट. दोन गुणिले दोन असे पाच वेळा केले, की बत्तीस येतात. दोन-चार रुपयांच्या रबराच्या टोपीने तुमच्या कानावरचा भार बत्तीसपट हलका केला!

भोवतालचा गोंगाट किती, याचा अंदाज मोबाईलवरही घेता येतो. आपल्याच शहरातील ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘नॉइज ट्रॅकर’ नावाचे असे एक उपयोजन तयार केले आहे. मोबाईलचा मापक प्रयोगशाळेतल्याइतका अचूक नसतो, पण शांत खोली आणि बाजार यांतला फरक दाखवायला तो पुरतो.

ज्या गुणामुळे घट्ट टोपी कान वाचवते, त्याच गुणामुळे ती जीव धोक्यातही घालू शकते. बाहेरचा आवाज अडतो, त्यात मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगाही आला आणि आगगाडीची शिट्टीही आली. सायकलवर, रस्ता ओलांडताना किंवा रेल्वेमार्गाजवळ इअरफोन कानात नकोच. एकच कानात घालून भागवू, ही पळवाटही नको. आवाज कोणत्या दिशेने आला हे ठरवायला दोन्ही कान लागतात.

इअरफोन काढल्यावर कानात ‘शीऽऽ’ असा आवाज राहिला, किंवा घरच्यांचे बोलणे दूरून आल्यासारखे वाटले, तर कान तक्रार करीत आहेत असे समजा. आवाज कमी करा, त्यांना विश्रांती द्या. आणि तक्रार राहिली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

तेव्हा, मित्रांनो, पुढच्या वेळी बर्डीवर इअरफोन घ्यायला गेलात, तर डबीवरचे दावे वाचण्यात वेळ घालवू नका. आत तीन मापांच्या टोप्या आहेत का, तोंडाशी मळ अडवणारी बारीक जाळी आहे का, तार डबीतून बाहेर निघते तेथे ती तुटू नये म्हणून रबरी आधार आहे का, आणि तो बदलून मिळण्याची हमी किती दिवसांची आहे, एवढे विचारा. घरी आणून तिन्ही टोप्या घालून गुणगुणा. घरात पडून असलेल्या, ‘बेकार’ ठरलेल्या इअरफोनलाही ही एक संधी द्या. कदाचित नवा घ्यावाच लागणार नाही.

शेवटी एक उदाहरण सोडवायला देतो. कोंडलेल्या हवेचे आकारमान २ ऐवजी १ घन सेंटिमीटर असेल, तर एका मायक्रॉनच्या हालचालीने दाब किती वाढेल? आणि तेवढाच आवाज ऐकायला पडद्याला किती हलावे लागेल? करून पहा. मग एकच इअरफोन लहान भावाच्या कानात तुमच्यापेक्षा मोठा का वाजतो, याचे उत्तर तुमचे तुम्हांलाच मिळेल. आणि त्याला आवाज कमी ठेवायला का सांगावे, हेही.